पाहुण्यांच्या धक्क्यावरचे चार दोर

१

"बोट टांगली गेली," असं विमा कंपनीतल्या साहेबाने फोनवर सांगितलं, तेव्हा सर्व्हेअरबाईंना वाटलं, याची जीभ घसरली. बोट बुडते, आपटते, पेटते, चोरीला जाते. टांगायला ती काय ओला टॉवेल आहे?

पण यॉट क्लबच्या दगडी धक्क्यावरून त्यांनी वाकून खाली पाहिलं आणि साहेबाला मनातल्या मनात माफ केलं. ओहोटीने पाणी लांब गेलं होतं. धक्क्याच्या पायथ्याशी नुसता चिखल आणि दगड, आणि त्या दगडांवर एक छोटी निळी शिडाची बोट तोंडावर आपटलेली. पुढचे दोन दोर बोटीवरच्या ज्या लोखंडी खुंटीला होते, ती खुंटीच मुळासकट उपटून निघाली होती. मागचे दोन दोर अजून धक्क्याला धरून होते, त्यामुळे बोटीचं बूड अर्धवट हवेत लटकत होतं. पोटाला हात शिरेल एवढी भेग होती.

"सरळ प्रकरण आहे," साहेब म्हणाला होता. "पाहुणी बाई. दोर आखूड बांधले, पाणी उतरलं, बोट लटकली, पडली. मालकाचा निष्काळजीपणा. जा, बघा, लिहा आणि या."

'सरळ प्रकरण' हे शब्द ऐकले की सर्व्हेअरबाईंच्या पायांना मुंग्या येत. एरवीही त्या एका जागी उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्याच. माहेरी सगळे त्यांना भोवरा म्हणत. धक्क्यावर येऊन पुरते दोन शब्द बोलायच्या आत त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, आणि तिथे उभ्या असलेल्या क्लबच्या अध्यक्षांना नुसतं बघूनच गरगरायला लागलं होतं.

अध्यक्षांना तिथे कमोडोर म्हणायची पद्धत होती. उंच, ताठ, हाताची घडी घालून उभा असलेला माणूस. अंगात क्लबचं पिवळं जाकीट. त्यांच्या मागे क्लबची क्रेन उभी होती, बोटी उचलून जमिनीवर ठेवायची. क्रेन अशी जवळ, बोट अशी खाली, आणि कोणी हलत नव्हतं.

"उचलत का नाही?" बाईंनी विचारलं.

"क्रेन सभासदांसाठी आहे, मॅडम. पाहुण्याच्या चुकीने पाहुण्याची बोट पडली तर क्लब हात लावत नाही. उचलताना आणखी काही मोडलं तर आमच्या गळ्यात पडायचं."

"आणि चूक सभासदाची असेल तर?"

"तर लगेच उचलू. नियमच आहे तो. पण इथे तसं झालेलं नाही."

पाहुणी एका उपड्या खोक्यावर बसली होती. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, तोंडाभोवती जाडजूड स्कार्फ गुंडाळलेला. ती एकटीच त्या बोटीवर राहत असे. पाठीमागे घर नाही, दार नाही, कुलूप नाही. होतं नव्हतं ते सगळं त्या निळ्या पोटात. आणि लांबवर पाण्याची कड चमकत होती, ती आता मघापेक्षा जवळ आली होती. भरती सुरू झाली होती. संध्याकाळच्या आत पाणी भेगेपर्यंत पोचणार, आणि मग विम्याच्या कागदावर काहीही लिहिलं तरी उचलायला घर उरणार नव्हतं.

पाहुणीने स्कार्फ जरा खाली ओढला. एका बाजूचा गाल टम्म सुजला होता. मोठ्या कष्टाने ती बोलली, "दोर... मी... लांब ठेवले होते. माझी बोट खाली... चिखलात बसते. आरामात. पोटाला दोन पाय आहेत तिच्या."

बाईंनी धक्क्यावरच्या खुंट्यांकडे पाहिलं. मागचे दोन्ही दोर जेमतेम हातभर सोडलेले. उरलेला सगळा दोर दगडावर गोल गोल, चटईसारखा सपाट गुंडाळून ठेवलेला. पुढच्या, बोटीपासून सुटलेल्या दोरांचंही तेच.

म्हणजे ही बाई खोटं बोलत होती, नाहीतर तिच्या पाठीमागे कोणीतरी चारही दोर आखडले होते.

२

बाई आधी शिडीवरून खाली उतरल्या. कमोडोर वरून ओरडले, "मॅडम, बूट जातील!" बूट गेलेच. पण बोटीच्या नाकाखाली, चिखलात दाबलेलं, त्यांना एक फडकं सापडलं. चौकड्यांचं, नीट घडी घालून शिवलेलं. जरा पुढे दुसरं. मग आणखी दोन. त्यांनी चारही पिशवीत टाकली आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. बोट पडल्यापासून खाली उतरणाऱ्या त्या पहिल्याच होत्या. चिखलात दुसऱ्या कोणाचं पाऊल नव्हतं.

मग कमोडोरांच्या खोलीत. खोली नीटनेटकी, खिडकीतून सगळं बंदर दिसत होतं. कमोडोरांनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

"पाहुणे तुम्हाला आवडत नाहीत?"

"का आवडावेत?" कमोडोर उसळले. "येतात, फुकट पाणी भरतात, आंघोळीच्या खोल्या तुंबवतात, जाताना साधा निरोप घेत नाहीत. आणि ही तर विचारू नका! काल आली, मी स्वतः जाऊन विचारलं, कुठून आलात, किती दिवस राहणार. एक शब्द नाही. नुसती मान हलवली आणि तोंडावर स्कार्फ ओढला. एवढा शिष्टपणा! मी सरळ सांगितलं, उद्या दुपारी शर्यत आहे, तोवर धक्का मोकळा हवा."

"नाहीतर?"

"नाहीतर मी हलवीन म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. लपवायचं काय त्यात?"

"आणि हलवली?"

"सकाळपासून या खोलीतून हललो नाही, मॅडम. शर्यतीची तयारी होती. ती बया सकाळी कुठेतरी बाजारहाट करायला गेली, बोट तशीच टाकून. मग धाडकन आवाज झाला तेव्हा मी पळत गेलो. तोवर सगळं संपलं होतं." त्यांनी तोंड वाकडं केलं. "नटवायला मात्र कमी केलं नव्हतं हो. दोर काय ताणलेत, दगडावर झिजू नयेत म्हणून खाली फडकी काय घातलीत! हौस दांडगी, अक्कल नाही. या पाहुण्यांना आमच्या धक्क्यावरची ओहोटी कळत नाही ती नाहीच."

बाईंनी पेन्सिल दातांत धरली आणि खिडकीबाहेर बघितलं. पाण्याची कड आता पहिल्या दगडांना लागली होती.

"तुमची बोट कुठे असते?"

"याच धक्क्यावर. माझ्या वडिलांचीही इथेच असायची. का?"

"सहज," बाई म्हणाल्या आणि जिन्याने दोन-दोन पायऱ्या उतरत निघाल्या.

३

स्वयंपाकघरातल्या मावशी शर्यतवाल्यांसाठी पाव कापत होत्या. सुरी थांबली नाही, पण जीभ आनंदाने सुरू झाली.

"पाहिलं ना, ताई! या खिडकीतूनच पाहिलं. एक जण वाकून दोरांशी काहीतरी करत होता. बराच वेळ. पाठ होती माझ्याकडे. पिवळं जाकीट."

"कोण?"

"अहो, इथे सगळेच पिवळे! वाढदिवसालासुद्धा तेच जाकीट घालतात मेले. मग मी कामात लागले. नंतर पुन्हा बघते तर परत तिथेच उभा. या वेळी वाकला-बिकला नाही. नुसता कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि गेला निघून."

"तोच माणूस?"

मावशींनी सुरी हवेत धरली. "तोच असणार. दुसरा कशाला जाईल?"

"पाणी तेव्हा कुठवर उतरलं होतं? दुसऱ्या वेळी?"

"बरंच. बोट जरा उचलल्यासारखी वाटत होती खरी. मला वाटलं, लाट असेल." मावशी ओशाळल्या. मग त्यांचा राग पाहुणीकडे वळला. "पण बाई आखडूच हो ती. काल मी एवढे खरपूस टोस्ट करून नेले बोटीवर, नवीन माणूस म्हणून. हातसुद्धा लावला नाही! मान हलवली नुसती. असा राग आला मला."

"दात दुखत असेल," बाई म्हणाल्या.

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. "दात? अग्गंबाई! मला कोणी सांगितलंच नाही."

क्लबच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर छोटी निशाणं लटकत होती. कुठून कुठून आलेल्या पाहुण्यांनी जाताना आपल्या क्लबचं निशाण इथे द्यायचं, ही जुनी चाल. त्या निशाणांखाली मास्तर बसले होते. भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त. क्लबात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गावाचा नकाशा, धुतलेले टॉवेल आणि स्वतःचं हसू देणारा हा माणूस. पाहुण्यांसाठी धक्क्याची ती जागा राखून ठेवावी म्हणून कमोडोरांशी वर्षानुवर्षं भांडून त्यांनी ती मिळवली होती. आज ते हसत नव्हते. एक निशाण ते घडी करत होते, उलगडत होते, पुन्हा घडी करत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "फार वाईट झालं. त्यात तिच्या दाढेने ती आधीच बेजार. रात्रभर झोपली नाही बिचारी. मीच तिला सकाळी दंतवैद्याचा पत्ता दिला."

"तुम्ही आज धक्क्यावर गेला होता?"

"मी? नाही. नाही, मी... माझी बोट तिकडे असते, पलीकडे, तरत्या धक्क्यावर." निशाणाची घडी चुकली. "ते तिची बोट उचलणार ना हो? पाणी चढतंय."

"तुम्ही सांगा ना कमोडोरांना."

मास्तर पुन्हा निशाणाची घडी घालायला लागले.

बाई तडक बाहेर आल्या. आता धक्क्याच्या पायथ्याशी पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. पाहुणी बोटीवर चढून मिळेल ते वर देत होती: अंथरूण, कंदील, फुटका आरसा, एका तरुण मुलीचा फोटो. बाई शिडीवर उभ्या राहून एकेक वस्तू घेऊ लागल्या. त्यात एक थर्मास आला. हलवला तर आत काच खळखळली. झाकण काढलं आणि वास आला. भाज्यांचं सूप, अगदी पातळ, एकही तुकडा राहू नये असं गाळून घेतलेलं. थंड झालं होतं, पण ताजं होतं.

"दंतवैद्याकडे जायच्या आधी केलंत का हे?"

पाहुणीने थर्मासकडे पाहिलं, गोंधळून मान हलवली. "माझा नाही. मी... कालपासून... पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही."

४

आता मात्र भोवरा गरगर फिरायला लागला. बाई धक्क्यावरून जवळजवळ पळत सुटल्या, बंदराच्या पलीकडच्या बाजूला. तिथे तरता धक्का होता, लाकडी फळ्यांचा, पिंपांवर बसवलेला. पाणी चढलं की तो चढे, उतरलं की उतरे, आणि बोटी त्याच्याबरोबर.

इथल्या बोटींकडे बघताना बाईंना हसू आलं आणि लगेच ते मावळलं. सगळे दोर आखूड, ताठ. इथे दोर सैल सोडला की बोट शेजारणीवर आदळते. सैल दोर म्हणजे अजागळपणा, बाहेर वाळत घातलेल्या फाटक्या कपड्यांसारखा. दगडी धक्क्यावर नेमकं उलटं. तिथे पाणी उतरतं, धक्का उतरत नाही. सैल दोरावरच बोटीचा जीव असतो. जन्मभर इथे बांधणारा माणूस तिथे गेला आणि त्याला झोळ पडलेले चार दोर दिसले, तर त्याला काय वाटेल? त्याला वाटेल, बिचारी दुखण्याने बेजार आहे, बांधायचं भान राहिलं नाही.

ओळीच्या टोकाला एक पांढरी बोट होती. दोर ताठ. उरलेला दोर फळीवर चटईसारखा सपाट गुंडाळलेला. आणि दोर जिथे लाकडाला घासत होता, तिथे खाली चौकड्यांचं फडकं, नीट घडी घालून शिवलेलं.

बाई मागे फिरल्या. पाणी आता गुडघ्यापर्यंत आलं असणार. त्यांना माणूस सापडला होता, पण मनाला चैन पडेना. मावशींनी पिवळं जाकीट दोनदा पाहिलं होतं. पहिला माणूस वाकून काम करत होता. दुसरा नुसता उभा होता.

चालता चालता बाईंचे पाय एकदम थबकले, आणि हे क्वचितच होई. फडकी चिखलात रुतलेली होती. ती वरून कोणाला दिसतच नव्हती.

५

सगळे धक्क्यावर जमले होते. शर्यत रद्द झाली होती. पिवळ्या जाकिटांचा ताटवाच लागला होता. खाली पाहुणी मांड्यांपर्यंत पाण्यात उभी राहून भेगेत अंथरुणाची चादर कोंबत होती.

"ही बोट सभासदाच्या हाताने पडली," सर्व्हेअरबाई मोठ्याने म्हणाल्या. "क्रेन सुरू करा, मी बोलत राहते."

"पुरावा द्या आधी," कमोडोर म्हणाले.

बाईंनी पिशवीतून चिखलाने भरलेली फडकी काढली, शेजारी थर्मास ठेवला. "कोणाला वाईटच करायचं असतं तर एक दोर सोडून दिला तरी काम झालं असतं. इथे आलेल्या माणसाने चारही आखडले. उरलेला दोर गुंडाळला. दगडावर झिजू नये म्हणून फडकी घातली. आणि जाताना तिला चावता येत नाही म्हणून गाळलेलं सूप ठेवून गेला. हा वैरी नाही हो. सख्खा भाऊ एवढं करत नाही. तिची दाढ दुखतेय हे आख्ख्या क्लबात एकाच माणसाला माहीत होतं. बाकी सगळ्यांनी तिला शिष्ट ठरवून मोकळं केलं होतं."

मावशींनी पदराने नाक पुसलं. मास्तर गर्दीतून पुढे आले. 

"मीच," ते म्हणाले. "सूप बायकोने करून दिलं. ठेवायला गेलो तर दोर लोंबत होते. म्हटलं, तिला कुठे शुद्ध असणार, आपण नीट करू. जन्मभर फळ्यावर भरती-ओहोटी शिकवली मी! पोरांच्या कानाला धरून शिकवली. आणि हाताने मात्र... हाताला माझा तो तरता धक्काच ठाऊक." त्यांना हुंदका आवरेना. "आवाज ऐकून आलो तेव्हा एका नजरेत कळलं. सांगायला हवं होतं. पण वाटलं, मीच केलं असं कळलं तर पाहुण्यांची जागा कायमची जाईल. नाही, तेही खरं नाही. मला लाज वाटली. नुसती लाज."

 कमोडोरांनी घसा खाकरला. "ऐकलंत सगळ्यांनी? म्हणून मी म्हणतो, पाहुण्यांचे लाड बंद करा. आजच्या आज ती जागा..."

"कमोडोर," बाई मध्येच म्हणाल्या, "मघाशी तुमच्या खोलीत तुम्ही फडक्यांबद्दल बोललात. ती कुठे पाहिलीत?"

"कुठे म्हणजे? दोरांखाली."

"केव्हा?"

कमोडोरांनी मास्तरांकडे पाहिलं, मग खुंट्यांकडे.

"बोट पडली तेव्हा दोर हिसकले आणि फडकी निसटून खाली चिखलात गेली. तुम्ही तर आवाज झाल्यावर पळत आलात. तोवर दोरांखाली काहीच नव्हतं. फडकी दोरांखाली होती ती बोट पडायच्या आधी. मावशींनी दुसऱ्यांदा पाहिलेलं पिवळं जाकीट तुमचं." बाई आता अजिबात हलत नव्हत्या. "मास्तरांना कळलं नाही. तुमचे वडील या धक्क्यावर बांधत होते, तुम्ही या धक्क्यावर बांधता. पाणी उतरत होतं, बोट उचलली जात होती, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत होता. तुम्हाला कळलं नाही, असं सांगू नका."

कमोडोरांचा ताठपणा कुठून तरी सैल पडला. 

"हलवायलाच गेलो होतो," ते शेवटी म्हणाले. "दोर पाहिले. वाटलं, तिनेच बांधलेत. म्हटलं, एकदा आपटेल, शिकेल. असं... असं पडेल वाटलं नव्हतं. थोडं खरचटेल म्हटलं."

"एक दोर सैल करायला किती वेळ लागला असता?"

 कमोडोरांनी खिशातून क्रेनची किल्ली काढली, शेजारच्याच्या हातात दिली आणि जाकीट काढून शिडीवरून खाली उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. निळ्या बोटीच्या पोटाखालून क्रेनचे पट्टे सरकवायला दोन माणसं लागतात. एका बाजूला पाहुणी होती. दुसऱ्या बाजूला ते जाऊन उभे राहिले. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिने पट्ट्याचं टोक त्यांच्याकडे सारलं. माफ केलं असं त्यात काही नव्हतं. घर उचलायचं होतं एवढंच.

बोट पाण्यातून वर आली. भेगेतून धार लागली, चादर निसटून वाहत गेली. पाहुणी ओलीचिंब वर आली आणि बोट गरगरू नये म्हणून तिच्या नाकाला बांधलेला दोर धरायला माणूस शोधू लागली. दहा पिवळे हात पुढे झाले. तिने ते सगळे ओलांडले आणि दोर मास्तरांसमोर धरला.

"माझ्या हातात नको," मास्तर मागे सरले. "माझे हात..."

तिने दोर त्यांच्या तळहातांवर ठेवून मुठी मिटवल्या. क्रेन फिरली, बोट डोलली, आणि घाबरून, सवयीने, मास्तरांनी दोर गच्च ओढून धरला.

पाहुणीने तोंडावरचा स्कार्फ खाली केला. सुजलेल्या गालाने हसताना तिला दुखलं असणार, तरी ती हसली.

"मास्तर," ती म्हणाली, "जरा सैल."